सागवानी पाय, पितळी डोके

सन एकोणीसशे त्रेपन्न, मार्गशीर्ष महिना. वेसाव्याच्या किनाऱ्यावर सकाळची थंडी होती आणि काठ्यांवर बोंबील वाळत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या पायांवर उभा राहिलो.

मी कॅमेऱ्याचा स्टँड बोलतोय. पाय तीन, सागवानी. डोके एक, पितळेचे. काम एकच, वरचा कॅमेरा हलू द्यायचा नाही. ते काम मी चोख केले आहे. जास्त बोलायची मला सवय नाही. जे झाले तेवढे सांगतो.

आधी मालकाचे सांगतो. विद्याधर वागळे. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, भाजीबाजाराच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ. कॅमेरा त्यांच्या वडिलांचा. लाकडी, काळ्या भात्याचा, काचेच्या मोठ्या प्लेटवर फोटो काढणारा. पाट्यासारखा जड. वागळे डोक्यावर काळे कापड घेऊन आत बघायचे, मग बाहेर येऊन म्हणायचे, "हं, आता हलू नका."

माणसे हलत नसत. स्टँड हलायचा.

तो माझ्या आधीचा. हलका, सडपातळ. उचलायला सोपा म्हणून वागळ्यांनी घेतला होता. मुलुंडला एका मुंजीत त्याने मान टाकली. पेच सुटला, कॅमेरा पुढे कलला आणि वागळ्यांनी तो छातीवर झेलून जमिनीवर लोळण घेतली. बटूचे आजोबा म्हणाले, "अरे, भिक्षावळ बटूची आणि साष्टांग नमस्कार फोटोवाल्याचा!" मांडव हसला. वागळेही हसले. घरी छातीला हळद लावताना मात्र हसले नाहीत. कॅमेरा फुटला असता तर स्टुडिओला कुलूप लागले असते.

मग शोध सुरू झाला. वागळे फोर्टातल्या दुकानांतून हिंडू लागले. पिशवीत पितळी तांब्या. ही युक्ती त्यांच्या बायकोची, जयंतीबाईंची. स्टँड उभा करायचा, वर फळी, फळीवर काठोकाठ भरलेला तांब्या, आणि पायाला टिचकी मारायची. पाणी शहारून लगेच थांबले तर स्टँड चांगला. थरथरत राहिले तर नको.

"अहो मिस्टर," एक दुकानदार म्हणाला, "हे दुकान आहे, पाणपोई नव्हे."

"पाणी मी घरून आणलंय," वागळे म्हणाले. "तुम्ही फक्त स्टँड दाखवा."

सगळ्या स्टँडांवर पाणी नाचले. एका चकचकीत विलायती स्टँडवरून तर ते दुकानदाराच्या गल्ल्यावर सांडले. वागळ्यांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला.

मी नंतर बरेच स्टँड जवळून पाहिले, म्हणून एक सांगून ठेवतो. जड कॅमेऱ्यासाठी स्टँड घेताना चकाकी बघू नका. किती उंच होतो तेही आधी बघू नका. पाय फाकवा आणि वरून तळहाताने दाबा. वाकला तर सोडा. धरून पिळा. अंगाला पीळ बसला तर सोडा. मग डोके. पेच आवळा, कॅमेऱ्याचे तोंड खाली करा आणि हात काढून घ्या. हळूच मान घालणारे डोके कामाचे नाही. माणसांनाही हे लागू आहे, पण ते जाऊ द्या.

माझे डोके आधी मिळाले. घाटकोपरला एका भंगारवाल्याकडे, जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणीखाली असते तसले पितळी डोके धूळ खात पडले होते. वागळ्यांनी त्याचा पेच आवळला आणि त्यावर अंगाचा सगळा भार टाकला. ढिम्म.

"शेठ, इसपे हाथी बिठाओ," भंगारवाला म्हणाला.

वागळे ते घेऊन घरी आले. जयंतीबाईंनी बघितले.

"हे डोकं. आणि पाय?"

"पायांचं बघू."

"बिनपायाचं एक डोकं घरात होतंच. आता जोडी झाली."

सगुणा वेसाव्याची कोळीण. सकाळी माशांची टोपली घेऊन जयंतीबाईंच्या दाराशी यायची. दोघींचे रोज भांडण व्हायचे. ज्या दिवशी ते होत नसे त्या दिवशी दोघींनाही चुकल्यासारखे वाटे.

"वैनी, हलवा बग. जित्ता हाय."

"जिवंत असता तर तुझा भाव ऐकून पळाला असता."

सगुणा हसली. मग ओट्यावरच्या पितळी डोक्याकडे तिचे लक्ष गेले. "ह्यो कंचा देव आनलाय?"

जयंतीबाईंनी मुंजीपासून पाणपोईपर्यंत सगळे सांगितले. सगुणा टोपली उचलता उचलता म्हणाली, "आगो, मंग आमचे दादल्याला सांग ना. होऱ्या बांधतो तो. तीन पाय नाय बांधनार?"

दादला म्हणजे नवरा. होरी म्हणजे होडी. सगुणाच्या नवऱ्याचे नाव धर्मा.

धर्मा दुसऱ्यांच्या होड्या बांधायचा. स्वतःची नव्हती. तिच्यासाठी त्याने घरामागे माडांच्या सावलीत सागवान रचून ठेवले होते. एकेक फळी करून जमवलेले. त्या ढिगात मी होतो. होडी व्हायची म्हणून गप्प पडून होतो.

वागळे आले. त्यांनी डोके दाखवले, तांब्याही दाखवला. धर्माने ऐकून घेतले. मग त्याने वागळ्यांना ताठ उभे केले, जमिनीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. झाले माप. ढिगाकडे जाऊन त्याने सगळ्यांत चांगली फळी ओढून काढली.

"अरे, ही तुझ्या होडीची ना?" वागळे म्हणाले.

"मंग सडक्या लाकराचे पाय देऊ काय तुला?"

अशा रीतीने माझी भावंडे होडीसाठी राहिली आणि मी कॅमेऱ्याखाली आलो. माझा प्रत्येक पाय दोन भागांचा, एकातून दुसरा सरकणारा. खाली लोखंडी टोक. वर डोके बसवले. डोक्याखाली धर्माने स्वतःच्या मनाने एक कडी ठोकली. "होरीला नांगर, ह्याला पन नांगर," तो म्हणाला. वारा असला की तिथे वजन टांगायचे.

वाळूवर मला उभे केले. वर तांब्या. वागळ्यांनी टिचकी मारली. पाणी एकदा शहारले आणि आरशासारखे झाले. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा तेच. मग धर्माने खांदा लावून मला रेटले. मी जागचा हललो नाही. वागळे मात्र आनंदाने उडी मारायला गेले आणि त्यांच्याच धक्क्याने तांब्या पडला.

"बोल धर्मा, काय देऊ?"

"पैशे नको. होरीचा लाकूर हाय, इकायचा नाय. होरी पान्यात घालीन त्या दिशी तू फोटू काड. पयल्या लाटेवर नाळ उचलते ना, तवाचा. मोठा काड. आयसला दिसला पायजे."

नाळ म्हणजे होडीचे पुढचे उंच टोक. आयस म्हणजे आई. धर्माची आई कमळआजी तिथेच उंबऱ्यावर जाळे सांधत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. बोटांनी चाचपून गाठी मारत होती. तिने मान वर केली नाही.

"माजा धनी गेला, त्याची होरी पन गेली," ती म्हणाली. "दोघांचा फोटू नाय. आता त्याचा तोंड मना आठवाया जावा तर येत नाय. ह्या खेपेला मना फोटू पायजे. आंधली व्हायच्या आधी."

वागळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. हात माझ्यावर होता. म्हणजे तो शब्द माझाही झाला. मी असेच मानतो.

निघताना धर्माने शेवटचे काम केले. नव्या होडीला करतात तेच. माशाच्या तेलाचा डबा आणला आणि माझे पाय वरपासून खालपर्यंत चोपडले. तेल आत मुरले की पाणी शिरत नाही. वासाचे कुणाच्या मनातही आले नाही. धर्मा कोळी, वागळे सारस्वत. दोघांच्या नाकाला तो वास म्हणजे जेवणाची वेळ. जयंतीबाईंनीसुद्धा मला बघून "झकास झालाय हो" एवढेच म्हटले.

पहिलेच काम घाटकोपरचे होते. गुजराती घरचे लग्न. त्या घरात कांदासुद्धा येत नसे.

अंगणात सगळे गणगोत ओळीने उभे होते. समोर मी. आधी नवरीच्या काकांनी नाकाला उपरणे लावले. मग मामीने पदर लावला. मग सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. स्वयंपाकाच्या महाराजाला बोलावणे गेले. तो हात जोडून शपथा घेऊ लागला, "मेरे रसोडे में तो लसून का नाम भी कोई नहीं लेता!"

तेवढ्यात मांजर आले. त्याच्या मागून दुसरे. मग गल्लीतली होती नव्हती तेवढी. एका बोक्याने माझ्या पुढच्या पायाला मिठी मारली आणि डोळे मिटून चाटायला सुरुवात केली. वागळे काळ्या कापडाखाली. त्यांना बाहेरचे काही कळेना. त्या कॅमेऱ्यात चित्र उलटे दिसते. त्यांना एवढेच दिसले, की सगळे वऱ्हाड डोके खाली, पाय वर करून हसते आहे.

नवरीची आजी त्या घरात सगळ्यांत कडक होती. ती ओरडली, "फोटावाळा, तारो घोडो माछली खाय छे!" आणि पोट धरून हसत सुटली. घोडो म्हणजे मी. ती हसली तेव्हा बाकीच्यांनाही परवानगी मिळाली. वागळ्यांनी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबून फोटो घेतला.

त्या काळी फोटोत कोणी हसत नसे. कोर्टात उभे केल्यासारखी माणसे उभी राहत. का ते मला अजून समजलेले नाही. घरी तीच माणसे किती बडबडत. या फोटोत मात्र सगळे घर हसत होते. त्या लोकांनी तो दिवाणखान्यात लावला. आल्यागेल्याने विचारले. मग बोरीवलीहून बोलावणे आले, मुलुंडहून आले, कांजूरहून आले. "ते मांजरवाले फोटोग्राफर तुम्हीच ना?" असे विचारत यायचे.

मला मात्र शिक्षा झाली. जयंतीबाईंनी शिकेकाई आणि लिंबाच्या साली घेऊन मला मोरीत घासले.

"अगं, जरा हळू," वागळे म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. तुमचं नाक कुठं गेलं होतं?"

"तुझंही तिथंच होतं."

त्या आणखी जोरात घासू लागल्या. वरचा वास गेला. आत मुरलेले तेल मुरले ते मुरलेच.

ते दिवस चांगले होते. पवईच्या तलावाकाठी ऑफिसची सहल आली होती. वारा इतका, की साहेबांची हॅट पाण्यात गेली. मी कडीला वीट टांगून उभा राहिलो. बोरीवलीला एका बारशात पोरे माझ्या पायांतून पकडापकडी खेळली. कॅमेरा केसभर हलला नाही. कोणी माझे कौतुक केले नाही. फोटो चांगला आला की लोक फोटोवाल्याला शाबासकी देतात, फार तर कॅमेऱ्याला. खाली कोणी बघत नाही. त्याचे मला काही नाही. सांगितले एवढेच.

छप्पन साली वागळ्यांनी छोटा कॅमेरा घेतला. गळ्यात अडकवायचा, फिल्मवर चालणारा. हातात धरून खटाखट फोटो. मोठा कॅमेरा पेटीत गेला. मी माळ्यावर गेलो. आकाशकंदिलाचे सांगाडे आणि फुटक्या घागरीच्या शेजारी. कोळ्याने माझ्या तीन पायांत जाळे विणले. वागळे खालून शीळ घालत जात. त्यांचे खांदे दुखायचे थांबले होते. मी रागावलो नाही म्हणालो तर खोटे होईल.

सत्तावन सालच्या आश्विनात सगुणा दाराशी आली. टोपली नव्हती. नवे लुगडे, केसांत अबोली, हातात नारळ.

"वैनी, आमची होरी झाली! कोजागिरीला दुपारच्या भरतीला पान्यात घालतो. शेटला घेऊन ये."

वागळे आतून धावत आले. "येतो म्हणजे काय! हा बघ, नवा कॅमेरा."

सगुणाने तो हातात घेऊन उलटापालटा केला. "एवऱ्या डबीत आमची होरी मावंल?"

"मावेल की."

"आनि आयसला दिसंल?"

छोट्या कॅमेऱ्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. मोठा केला की चेहऱ्यांची रवाळ खीर व्हायची. चांगल्या डोळ्यांनाही पुरत नसे.

"तिला आता लई कमी दिसतं," सगुणा म्हणाली. "उन्हात धरून, नाक लावून बगते. फोटू बारीक असला तर तिला नसल्यासारका."

जयंतीबाई नवऱ्याकडे बघत होत्या. "शब्द दिलात तेव्हा हात कुणावर ठेवला होतात?"

वागळ्यांनी माळ्याकडे बघितले. मग शिडी आली.

माझा एक पाय सरकेना. जयंतीबाईंनी सांध्यात तेल सोडले. "या वेळी खोबरेल हं," त्या मला म्हणाल्या. मला एकट्याला.

कोजागिरीची दुपार. होडी किनाऱ्यावर नटून उभी होती. निळा रंग, पिवळा पट्टा, पताका, झेंडूच्या माळा. उजव्या अंगाची वरची फळी मी लगेच ओळखली. एकाच बुंध्यातले आम्ही. सगुणाने नाळ धुतली, हळदकुंकू लावले. नारळ फुटला. गडी दोराला लागले.

वागळ्यांनी मला कोरड्या वाळूत उभे केले आणि कापडाखाली डोकावले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. तिथून होडीची पाठ दिसत होती. उचललेली नाळ दिसायची तर समुद्राच्या बाजूने बघायला हवे. म्हणजे पाण्यात उभे राहायला हवे, आणि भरती तर चढत होती.

"अहो, कॅमेरा गेला तर?" जयंतीबाई म्हणाल्या. "वडिलांचा आहे."

"गेला तर गेला."

आवाज खणखणीत होता. पण हात माझा आवळलेला पेच पुन्हा पुन्हा आवळत होता. मला ठाऊक आहे.

आम्ही गुडघाभर पाण्यात गेलो. वागळ्यांनी माझी टोके वाळूत रुतवली आणि कडीला धर्माचा नांगराचा दगड टांगला. प्लेट एकच चढवली. दुसरीला वेळ नव्हता. नाळ पहिल्या लाटेवर एकदाच उचलते.

लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेत होती. माझा पुढचा पाय बोटभर खचला. जयंतीबाईंनी ते बघितले. त्यांनी पदर खोचला, पातळासकट पाण्यात उतरल्या आणि तो पाय दोन्ही हातांनी धरला. "मेलं, सगळं पातळ भिजलं!" असे ओरडतही होत्या आणि हसतही होत्या.

"सरक गो बायो." कमळआजी होती. कोणाला न विचारता पाण्यात आली होती. तिने माझा दुसरा पाय पकडला.

"आजी, इथं उभ्या राहिलात तर फोटोत येणार नाही!" वागळे ओरडले.

"मना फोटूत नाय यावाचा. मना फोटू बगायचाय. तू तुजा काम कर."

त्या दोघींना वाटत होते, त्यांनी मला धरले आहे. जयंतीबाईंच्या बाबतीत ते उलटे होते, मी त्यांना धरले होते. कमळआजीचे मात्र खरे. तिचे पाय माझ्यापेक्षा जुन्या वाळूतले.

"होऽ हैसा!" गड्यांनी दोर ओढला. होडी ओंडक्यांवरून घरंगळली, थांबली, पुन्हा घरंगळली. पाणी माझ्या पायांतल्या पेचांपर्यंत आले. धर्मा नाळेवर चढून उभा होता. सगुणा गुडघाभर पाण्यात, एक हात फळीवर. मोठी लाट आली. आधी ती माझ्यावर आदळली, मग होडीकडे गेली. नाळ उचलली. वर, आणखी वर, आणि क्षणभर तिथेच थांबली.

वागळ्यांनी फुगा दाबला.

तांब्यातले पाणी मला आठवले. माझ्या अंगाभोवती सगळा समुद्र थरथरत होता. मी नाही.

होडी तरंगली. किनारा ओरडला. माझी भावंडे माझ्या शेजारून पाण्यात गेली. पुढची लाट येण्याआधी वागळ्यांनी कॅमेरा सोडवून डोक्यावर घेतला आणि पळत सुटले. जयंतीबाई आजीचा हात धरून त्यांच्या मागे. मला तिथेच सोडले. बरोबर केले. भरती उतरेपर्यंत मी एकटा उभा होतो. न्यायला आले तेव्हा माझ्या पितळी डोक्यावर एक बगळा बसला होता. त्याने आधी तक्रार केली, मग जागा सोडली. माझे लाकूड फुगले नव्हते. त्या माशाच्या तेलाला जयंतीबाईंनी नंतर नावे ठेवली नाहीत.

दिवाळीच्या आधी वागळे फोटो घेऊन वेसाव्याला गेले. मोठा, जाड पुठ्ठ्यावर, चौकटीत. मलाही नेले. पेचांत खारे पाणी गेले होते, ते धर्मा बघणार होता.

कमळआजीने चौकट उन्हात धरली आणि काचेला नाक लावले. तिचे बोट काचेवरून फिरू लागले.

"ही होरी. ही नाळ. ही सगुना, हात बग कसा ठेवलाय, जशी हीच ढकलते." बोट वर गेले. "ह्यो धर्मा. केवरा तोंड उघरलंस रे? बांगडा जाईल आत."

घर हसले. धर्माही हसला. बोट धर्मावरून हलले नाही. खांद्यावरून खाली, कमरेवर ठेवलेल्या हाताकडे, पुन्हा चेहऱ्याकडे.

"असाच उभा रावाचा माजा धनी," ती म्हणाली. "हात असाच ठेवून. आता आठवला."

धर्माने होडीचा उरलेला खिळा भिंतीत ठोकला आणि फोटो टांगला. मग तो बाहेर आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वागळ्यांना म्हणाला, "फिटला."